हाताला आठवणारा अडकित्ता

पुण्यात बाजीराव रस्त्यालगत राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत किंवा पुण्यातल्या नातेवाइकांकडे गेल्यावर अनेकांनी ते पाहिले असेल. नावातला राजा कुठल्या संस्थानाचा राजा नव्हे. दिनकर गंगाधर केळकर यांचा एकुलता एक मुलगा लहानपणीच वारला, त्याचे ते नाव. त्या मुलाच्या वडिलांनी जमवलेल्या वस्तू आणि सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत लेकासुनांचा हात धरून येणारी विसराळू म्हातारी माणसे यांचा संबंध फार जवळचा आहे. तो कसा, हे समजण्यासाठी आधी केळकरांचे आयुष्य पाहू.

केळकरांचा जन्म १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. त्यांचे मन मात्र कवितेत आणि इतिहासात रमलेले. माधव ज्यूलियन यांच्या पिढीतले हे कवी ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने लिहीत. पुढे कवी म्हणून त्यांचे नाव मागे पडले आणि संग्राहक म्हणून ते देशभर गेले.

१९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. काळ बदलाचा होता. जुन्या सरदार घराण्यांची ऐपत सरत होती, वाडे पडत होते. शहरांत विजेचे दिवे येऊ लागले, तशा समया आणि लामणदिवे कोनाड्यातून माळ्यावर आणि माळ्यावरून मोडीत जाऊ लागले. पितळ वजनावर विकले जाई. दिव्याची घडण कोणी केली, तो किती पिढ्या देवघरात तेवला, याची मोडीच्या बाजारात किंमत नव्हती. केळकरांनी ती ओळखली. ते गावोगाव फिरले, जुन्या बाजारांत गेले, खिशातला पैसा घालून एकेक वस्तू घरी आणत राहिले. या वेडात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती.

त्यांनी काय जमवले, ते नीट पाहण्यासारखे आहे. संग्रहालय म्हटले की आपल्याला तलवारी, नाणी, राजांच्या तसबिरी आठवतात. केळकरांकडे शस्त्रे, शिल्पे आणि चित्रे होतीच, पण त्यांचा जीव अडकला तो घरात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंत. पोपटाच्या, घोड्याच्या आकाराचे अडकित्ते. पानाचे डबे. पाय घासायच्या वज्री. विळ्या, शेवेचे सोरे, कुंकवाचे करंडे, दौती, कुलपे, लहान मुलांची खेळणी, कोरीव दरवाजे, वाद्ये. दिवे तर इतके, की भारतीय दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तकच लिहिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे उरलेसुरले भाग आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला, आणि तो पाहायला आजही गर्दी होते. पण या संग्रहाचा आत्मा स्वयंपाकघरात, देवघरात आणि ओसरीवर आहे. यातल्या बहुतेक वस्तूंवर घडवणाऱ्याचे नाव नाही. कुणा तांबटाने, कुणा सुताराने त्या केल्या आणि कुणा बाईने त्या आयुष्यभर वापरल्या.

याच काळात त्यांचा राजा गेला. सात वर्षांचा होता. एवढ्या लहान मुलाच्या मागे आईबापाकडे काय उरते? दोन-चार कपडे, एखादे खेळणे. ज्याचे आयुष्यच इतके थोडे, त्याच्या आठवणीही थोड्याच. केळकरांनी आपला सगळा संग्रह त्याच्या नावाने केला. १९६० पर्यंत वस्तूंची संख्या सुमारे १५ हजारांवर गेली होती. चाळीस वर्षांचा हिशेब केला तर सरासरी रोज एक वस्तू! गेलेल्या माणसाला वस्तूंमधून जवळ ठेवता येते, यावर इतका भरवसा ठेवून जगलेला माणूस महाराष्ट्रात दुसरा सापडणे कठीण.

आता माझ्या विषयाकडे येतो. वस्तू आणि आठवण यांचे हे नाते मेंदूच्या अभ्यासातही दिसते.

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा वयाबरोबर येणारा साधा विसरभोळेपणा नाही. तो मेंदूचा आजार आहे आणि त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी घटना आधी तिथे नोंदली जाते. अल्झायमर सुरुवातीलाच या भागावर घाव घालतो. म्हणून आजोबांना सकाळी काय जेवलो ते सांगता येत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीची बैलजोडी रंगासकट आठवते. हाताला बसलेल्या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांत, आत खोलवर आणि लहान मेंदूत, मुरलेल्या असतात. त्या बराच काळ टिकतात. सुनेचे नाव विसरलेली आजी सूप हातात दिल्यावर तांदूळ सफाईने पाखडते, ते यामुळेच. गाण्याचेही तसेच. बोलताना शब्द न सापडणारा माणूस भजन मात्र न अडखळता म्हणतो. वासाची जाणीव अल्झायमरमध्ये पुष्कळदा लवकर मंदावते, त्यामुळे वासापेक्षा हात आणि कान हे आठवणीचे अधिक भरवशाचे दरवाजे.

म्हणजे केळकरांनी जमवलेल्या वस्तू या रुग्णांच्या हाताला ओळखीच्या असणार. तलवार पाहून आजोबांना काही आठवणार नाही, कारण त्यांनी ती कधी धरलीच नव्हती. अडकित्ता पाहताच मात्र बोटे आपोआप वळतील.

जगातल्या काही संग्रहालयांनी हे ओळखून काम सुरू केले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २००६ मध्ये स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि त्यांचे सोबती यांच्यासाठी खास भेटी सुरू केल्या. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी २०१२ पासून काळजी घेणाऱ्यांना प्रशिक्षण दिले आणि जुन्या वस्तूंनी भरलेल्या पेट्या बाहेर न्यायला द्यायला सुरुवात केली. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरातल्या संग्रहालयात १९५० च्या दशकातले अख्खे घर मांडले आहे. रुग्ण तिथे खुर्चीत बसतात, कॉफी पितात, वस्तू हाताळतात.

केळकरांच्या आयुष्यातही देण्याची वेळ आली. १९६२ मध्ये त्यांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या हवाली केला. मुलाच्या नावाने जमवलेले धन सगळ्यांच्या मुलाबाळांचे झाले. पुढेही ते संग्रहात रमलेले राहिले आणि १९९० मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांनी देह ठेवला. आज या संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू आहेत, त्यातल्या सुमारे अडीच हजार मांडलेल्या असतात. बाकीच्या जागेअभावी आत ठेवलेल्या.

वस्तू जपायच्या तर काच हवी, कुलूप हवे, हात लावू नये ही पाटी हवी, यात वाद नाही. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला हीच काच अडवते. त्याला काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसते आणि कोणी परका उभा आहे असे वाटते. जमिनीवरचा काळा गालिचा त्याला खड्डा वाटू शकतो. जिने, अंधारी दालने, गर्दी, शाळेच्या मुलांचा गलका यांनी तो भांबावतो. यावर फार खर्चाचे उपाय लागत नाहीत. आठवड्यातून एखादी शांत सकाळ राखून ठेवावी. सहा-आठ जण आणि प्रत्येकाबरोबर घरचे एक माणूस, एवढीच टोळी. पाहायच्या वस्तू चार किंवा पाच, त्याही तळमजल्यावर. बसायला पाठ असलेल्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह, ठळक अक्षरांच्या पाट्या. मूळ वस्तू काचेत राहू द्यावी आणि तिच्यासारखीच आजची, धार नसलेली वस्तू हातात द्यावी. तासाभरात भेट आटोपावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या २९ व्या कलमाने दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनात भाग घेता यावा, ही शासनाची जबाबदारी मानली आहे. उतरंड आणि चाकाची खुर्ची ठेवली की ती जबाबदारी संपली, असे समजू नये. ज्याचे पाय धड आहेत पण वाट हरवली आहे, त्याच्यासाठीही दार उघडे हवे.

यवतमाळकर म्हणतील, डॉक्टर, हे पुण्या-मुंबईचे झाले. खरे आहे. आपल्याला जवळचे मोठे संग्रहालय म्हणजे नागपूरचा अजबबंगला, १८६३ पासूनचा. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी फुकट आहे, पण तीन-साडेतीन तास बसमध्ये बसणे या रुग्णाला झेपत नाही. आणि गरज तर आपल्याकडेच जास्त. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक दिसले.

तेव्हा केळकरांनी केले तेच आपण घरात करावे. एक जुनी ट्रंक घ्यावी. तिच्यात आजोबांच्या बैलांच्या घुंगरमाळा, सरता, कंदील, चुन्याची डबी, आजीची पायली, लाकडी रवी, जुने फोटो ठेवावे. धारदार अडकित्ता, विळी आणि तोंडात घालता येतील अशा बारीक वस्तू वगळाव्या. दुपारच्या निवांत वेळी एकच वस्तू काढून हातात द्यावी. आठवते का, ओळखा पाहू, असे विचारू नये. ती परीक्षा होते, आणि नापास झालेला माणूस गप्प होतो. हे कसे वापरतात ते मला शिकवा, असे म्हणावे. उत्तर चुकले तरी दुरुस्त करू नये. वस्तू पाहून डोळ्यात पाणी आले, तर हात धरून थोडा वेळ बसावे. ते वाढत असेल तर वस्तू बाजूला ठेवावी. प्रत्येक आठवण गोड नसते.

आपल्या सणांचाही असाच उपयोग होतो. पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, खंजिरीवरचे भजन, ही आपल्याकडची सांस्कृतिक ठेव. ज्याने जन्मभर झडत्या म्हटल्या त्याला पोळ्याच्या दिवशी घरात कोंडून ठेवू नये. नवरात्रात यवतमाळच्या देवी पाहायला रात्रीच्या गर्दीत आणि डीजेच्या दणदणाटात नेऊ नये, दुपारी मंडप मोकळा असताना न्यावे. तांड्यावरची आजी मराठी विसरू लागली तर तिच्याशी गोरमाटीत बोलावे. कोलाम किंवा गोंड घरातही हेच. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, आईची भाषा मागे उरते. गावातल्या वाचनालयाने महिन्यातून एक दुपार अशा पेट्यांसाठी आणि गाण्यांसाठी दिली तरी तो मोठा आधार होईल.

याने आजार बरा होतो का? नाही. आठवणींच्या अशा उपक्रमांवर बरेच अभ्यास झाले आहेत. मनःस्थिती, संवाद आणि जगण्याची गोडी यांत थोडा फायदा दिसतो, तोही सगळ्यांना सारखा नाही. औषधांची जागा तो घेत नाही. आणि विसरणे सुरू झाले की आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, काही गोळ्यांचे दुष्परिणाम यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हातारपण आहे, असे म्हणून घरी बसवू नये.

पण ज्या घरात दिवसभरात म्हाताऱ्या माणसाशी जेवण, गोळी आणि संडास याखेरीज बोलणे होत नाही, तिथे अर्धा तासाचे बोलणे थोडे नव्हे. त्या अर्ध्या तासात नातवाला आजोबा पुन्हा भेटतात, आणि रुग्णाचे करून थकलेल्या सुनेलाही आपण कुणाचे करतो आहोत ते दिसते.

केळकर भंगारात निघालेल्या वस्तूंमागे धावले, कारण वस्तू गेली की तिच्यातले माणूसही जाते हे त्यांना ठाऊक होते. यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरचे पितळ भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी ते एकदा घरातल्या म्हाताऱ्या हातांत देऊन पाहा.

(लेखक यवतमाळ जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयात डॉक्टर आहेत.)