सवाई जयसिंह आणि सम्राट यंत्र

उज्जयिनीस क्षिप्रेजवळ ‘जंतर महाल’ नावाची वेधशाळा आहे. ती बांधविणारा आमेरचा राजा सवाई जयसिंह याचा जन्म इ. स. १६८८ मधला. अकराव्या वर्षी गादी मिळाली, आणि पुढे लवकरच औरंगजेबाच्या हुकमाने त्यास दक्षिणेत यावे लागले. १७०२ मध्ये विशाळगडाच्या वेढ्यात हा कोवळा राजा मोगलांच्या बाजूने लढला. मराठी वाचकास ही पहिली ओळख गोड वाटणार नाही. पण त्याचे मन रमे ते आकाशात.

कोष्टकांतील गणित आणि डोळ्यांस दिसणारी ग्रहस्थिती यांचा मेळ बसत नाही, हे त्यास सलत होते. ग्रहणाची वेळच चुकली तर पंचांगावर विसंबावे कसे? पितळेची यंत्रे लहान पडत, त्यांचे आस झिजत. तेव्हा त्याने चुन्या-दगडांची अचल यंत्रे बांधविली. दिल्ली, जयपूर, उज्जयिनी, मथुरा व काशी येथे वेधशाळा उभ्या राहिल्या.

त्यांतील सम्राट यंत्र म्हणजे प्रचंड छायाघटिका. मध्ये काटकोन त्रिकोणाची भिंत. तिची तिरपी कड ध्रुवाकडे रोखलेली. तिचा चढ त्या गावच्या अक्षांशाइतका असावा लागतो: जयपुरास सुमारे २७ अंश, उज्जयिनीस २३. म्हणून एका गावचे माप दुसऱ्या गावी चालत नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांस वर्तुळाचे चतुर्थांश कंस विषुववृत्ताच्या पातळीत बांधलेले. त्यामुळे सावली तासाला १५ अंश सरकते व तासांच्या खुणा समान अंतरावर येतात. सकाळी ती पश्चिमेच्या कंसावरून उतरते, माध्यान्हानंतर पूर्वेच्या कंसावर चढते. जयपूरच्या कंसाची त्रिज्या सुमारे ५० फूट; तेथे सावली सेकंदाला एक मिलिमीटर चालते!

परंतु सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. त्याचे बिंब अर्धा अंश रुंद. म्हणून सावलीची कड अंधुक पडते, आणि यंत्र जितके मोठे तितका तो अंधुक पट्टाही रुंद होतो. खरी कड बारीक दोरा धरून शोधावी लागते. केवळ आकार वाढवून अचूकता हवी तितकी वाढत नाही, ही या भव्य कल्पनेची मर्यादा होय.

राजा मात्र थांबला नाही. त्याने पोर्तुगालला माणसे धाडली. त्यांनी आणलेली फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके वेधांशी ताडून पाहिली, तो चंद्राच्या स्थानात त्यांतही चूक निघाली. आपली कोष्टके त्याने बादशहा मुहम्मदशहाच्या नावे केली.

१७४३ मध्ये जयसिंह वारला. पुढे उज्जयिनीची वेधशाळा मोडकळीस आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सावली उज्जयिनीची स्थानिक वेळ दाखविते. ती भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी २७ मिनिटे मागे असते.