पांढरी साडी आणि पवित्रतेचा प्रश्न

माळशिरस : आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे टप्पे घेत पंढरीकडे सरकते, तेव्हा या वाटेवर भक्तीचा पोषाखही दिसतो. डोक्यावर पदर, पदरावर तुळशीवृंदावन, गळ्यात माळ, कपाळी बुक्का. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने तो अंगवळणी पडलेला आहे. देवाच्या दारी कसे जावे, काय ल्यावे, काय खावे, याचे नियम प्रत्येक धर्मात असतात. ते नियम देवाने घातले की माणसाने, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो. ज्यांना तो पडला आणि ज्यांनी त्याची किंमत दोन धर्मांच्या अंगणांत चुकती केली, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

या भागाशी त्यांचा संबंध जुना आहे. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि थोड्याच काळात त्याच्या शाखा सोलापूर, पंढरपूर, बार्शी येथेही निघाल्या. घराबाहेर पडून सभेत बसणारी बाई हेच त्या काळी नवल होते. त्यातून व्याख्यान देणारी बाई चोवीस वर्षांची विधवा, आणि तिच्या जिभेवर संस्कृत. पुढे आयुष्यभर रमाबाईंनी पांढरी साडी सोडली नाही. एक साडी तीच राहिली. तिचा अर्थ लावणारे मात्र बदलत गेले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील सह्याद्रीच्या गंगामूळ रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, कर्मठ आणि श्रद्धाळू. पण पत्नीला संस्कृत शिकविण्याचा त्यांनी हट्ट धरला. बाईला शिकविणे शास्त्रबाह्य आहे, असा आरोप आला तेव्हा ते उडुपीच्या विद्वानांपुढे उभे राहिले आणि शास्त्रांचेच आधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली. ग्रंथ काय म्हणतो ते ग्रंथ उघडून पाहावे, ही रीत मुलीने त्यांच्याकडून घेतली. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर फिरले. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. उरली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. तिने स्त्रियांना शास्त्राप्रमाणे त्यांची कर्तव्ये सांगावीत, अशी सूचनाही झाली. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले आणि तेथेच गाडी अडली. आपापसांत शंभर गोष्टींवर भांडणारे हे ग्रंथ स्त्रीला आणि शूद्राला खाली ठेवण्याच्या बाबतीत एकमत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. केशवचंद्र सेन यांनी हाती वेद ठेवला, तोवर मन हलले होते. भावाच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला. वॉन्टेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात या बातमीने काहूर उठले. रमाबाई विकल्या गेल्या, असा सूर निघाला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली.

पुण्याला जे दिसत नव्हते ते वॉन्टेजमध्ये घडत होते. ज्यांनी रमाबाईंना ख्रिस्ती केले असे पुणेकर समजत होते, त्याच जोगिणी ही बाई ऐकत नाही म्हणून हैराण झाल्या होत्या. बाप्तिस्मा घेतला तरी रमाबाईंनी इंग्रजी झगा चढविला नाही. मांस-मासळी तर नाहीच, पण अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीचा ताठा दिसला. नव्या ख्रिस्ती माणसाने जुने सोवळे टाकायला हवे, त्याखेरीज नम्रता कसली, असा त्यांचा हिशेब. रमाबाईंचे म्हणणे सरळ होते : जी सवय कोणाचे वाईट करीत नाही आणि ख्रिस्ताच्या शिकवणीआड येत नाही, ती केवळ हिंदुस्थानातली आहे म्हणून का सोडायची?

वाद गळ्यातल्या क्रुसापर्यंत गेला. मठाच्या रीतीप्रमाणे क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, अशी अपेक्षा होती. रमाबाईंना तेथे संस्कृत हवे होते. त्यांच्या देशातील बायकांना लॅटिन कळणार नाही; मग त्या भाषेत संस्कृतपेक्षा अधिक पावित्र्य कोठून आले, हा त्यांचा प्रश्न. वरवर पाहता हा अलंकाराच्या बारीकसारीक तपशिलाचा वाद. पण धर्म आणि त्या धर्मासोबत येणारी परकी संस्कृती यांची फारकत कोठे करायची, हा मिशनऱ्यांना आजवर छळणारा सवाल त्या इवल्या क्रुसावर येऊन ठेपला होता.

दुसरा खटका मर्यादेचा होता, आणि तो अधिक बोलका आहे. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. प्राचार्य डोरोथिया बील यांचा त्यांच्यावर विश्वास होता. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा १८८४ मध्ये मुंबईचे बिशप माइल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परत गेल्यावर अशा बाईची पत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभा गाजविल्या, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तिला हिंदी समाजाची मर्यादा शिकविण्याचे काम दोन इंग्रज धर्माधिकारी करीत होते! रमाबाई संतापल्या. आपण काय करावे हे ठरविण्याचा हक्क कोणाही बिशपकडे गहाण टाकलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसचा मतांगीकार यांवरही त्या अडून बसल्या. जे बायबलात सापडते ते मानीन, चर्च सांगते एवढ्यावरून मानणार नाही, ही त्यांची भूमिका. हा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हायला १९७७ साल उजाडले. तोवर महाराष्ट्राला चर्चपुढे मान तुकविलेल्या रमाबाईच ठाऊक होत्या.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाईंनाही पोषाखाचे कोडे सुटले नव्हते. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीने पाय उघडे पडत. म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या होत्या. रमाबाई आपल्या पांढऱ्या साडीतच अमेरिकाभर व्याख्याने देत फिरल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, बोस्टनमध्ये त्यांच्या साह्यार्थ मंडळ उभे राहिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले.

शारदा सदनातील विधवांना त्यांनी आपापल्या जातीचे नियम पाळण्याची, वेगळे रांधण्याची मुभा दिली होती. वॉन्टेजमध्ये स्वतःसाठी मागितलेली सवलतच त्यांनी येथे दुसऱ्यांना दिली, असे म्हणता येईल. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या जाहीरपणे बोलल्या; त्यांचे स्वतःचे केस आखूड कापलेले असत. येथे एक गमतीची गुंतागुंत आहे. सनातनी रूढीला विधवेचे केस नकोत. उलट करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल स्त्रीचे लांब केस हे तिचे भूषण मानतो आणि कातरलेले डोके लाजिरवाणे ठरवितो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात गुंफलेले केस, सोने आणि मोती वर्ज्य. पेत्राच्या पत्रातही तोच रोख. या वचनांवरून जगभरच्या पवित्रतावादी मंडळ्यांनी झग्याची लांबी, केस, दागिने यांचे नियम बांधले. त्याच वचनांना दुसरे वाचक करिंथ शहराच्या त्या काळच्या रीतीचे प्रतिबिंब मानतात. मराठी मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळी डोक्यावरून पदर घेतला की पौलही राजी आणि आजीही राजी! कुंकू लावावे की नाही, मंगळसूत्र ठेवावे की नाही, यावर मात्र घराघरांतून खल झाला. रमाबाई या सर्व नियमांच्या चौकटींत कोठेच नीट बसत नाहीत. दागिना नाही, म्हणून पवित्रतावादी खूश. केस कापलेले, म्हणून अक्षरवादी अस्वस्थ. आणि पांढरी साडी, म्हणून सनातन्यांना वाटावे की विधवाधर्म तेवढा तरी पाळते आहे.

सदनाची बाजू १८९३ मध्ये कोसळली. रमाबाईंच्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे आणि काही मुली आत येऊन बसत. ‘केसरी’ने धर्मांतराचा आरोप लावून धरला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद ठेवणे रमाबाईंना जमले नाही. हा त्यांचा प्रामाणिकपणा होता. पण धर्माच्या बाबतीत संस्था अलिप्त राहील या भरवशावर पालकांनी मुली पाठविल्या होत्या, हेही नाकारता येत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात प्लेगची बंधने आली, तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेली सुमारे १०० एकर जमीन कामी आली आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळाने गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. माग, घाणा, शेती, छापखाना, सारे बायकांच्या हाती.

येथल्या रमाबाई पूर्वीच्या नव्हेत. १८९८ मध्ये त्या इंग्लंडमधील केसिक येथील मेळाव्यास गेल्या. पवित्र जीवनाचा आग्रह धरणाऱ्या पंथाचे ते मोठे पीठ. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची लाट उसळली. मुली तासन् तास रडत, आक्रंदत प्रार्थना करीत. तर्काने वाद घालणाऱ्या पंडितेचे हे रूप सुधारकांना पचले नाही, आजच्या अभ्यासकांनाही ते सहज पचत नाही.

याच काळात त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीची भाषांतरे संस्कृतप्रचुर. दुष्काळातून आलेल्या कुणब्याच्या, महारा-मांगाच्या मुलीला ती उमगत नसत. म्हणून त्यांनी सोपी, बोलीजवळची मराठी धरली. पण कारण तेवढेच नव्हते. संस्कृत शब्द आपल्यासोबत हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ घेऊन येतात, ते ख्रिस्ताच्या शास्त्रात नकोत, असेही त्यांचे मत झाले होते. क्रुसावर संस्कृत अक्षरांसाठी भांडलेली बाई आता संस्कृत शब्द वेचून काढीत होती. त्याच सुमारास नगरला रेव्हरंड ना. वा. टिळक अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणीत होते. दोघांची वाट नेमकी उलटी. रमाबाईंचे हे मत वाङ्मयदृष्ट्या मराठीला जाचकच ठरले, आणि त्यांचे भाषांतर चर्चमध्ये रूढ झाले नाही. मात्र त्या विसंगत झाल्या असे म्हणणे घाईचे होईल. लॅटिन नको, कारण बायकांना कळत नाही. संस्कृत नको, कारण बायकांना कळत नाही. इथवर सूत्र एकच आहे. त्यापुढची शुद्धीची ओढ मात्र नवी होती, आणि तीत जुन्या सोवळ्याची छाया कोणाला दिसली तर त्याला दोष देता येणार नाही.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंनी देह ठेवला. भाषांतराचे काम तेवढ्यात हातावेगळे झाले होते. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. इंग्लंडच्या ज्या चर्चच्या बिशपांनी त्यांना पुरुषांना शिकवू दिले नव्हते, त्याच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस आता त्यांच्या स्मरणाचा आहे. त्यांचे मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या हातही बायकांचेच होते.