दारूचे माप जाणणारा शिंप्याचा मुलगा

आमच्या गावी रानडुकरांपासून भुईमूग राखण्यासाठी एक परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती ज्यांची, ते आबा दारू कधी हाताच्या अंदाजाने भरीत नसत. कळकाच्या पेराचे एक बोटभर माप त्यांनी कापून ठेवले होते. तेवढीच दारू नळीत ओतायची, मग चिंधी, मग गोळी, आणि वरून गजाने ठासायचे. दुप्पट दारू घातली तर गोळी दुप्पट लांब आणि नेमकी जाईल, असे मला लहानपणी वाटे. मी तसे बोलूनही दाखवले होते. आबा नुसते हसले होते.

त्या हसण्याचा अर्थ मला गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात कळला, आणि तोही एका इंग्रजाकडून. इतिहासाच्या तासासाठी मी जिंजीच्या लढ्यावर टिपणे काढीत होतो. राजाराम महाराज जिंजीला असताना, १६९० साली, कडलूरजवळच्या देवनामपट्टणम् येथील किल्ला मराठ्यांकडून इंग्रजांनी विकत घेतला आणि त्याला फोर्ट सेंट डेव्हिड असे नाव दिले. त्या किल्ल्याच्या हकीकतीत एका इंजिनिअरचा ओझरता उल्लेख होता. हा मनुष्य तेथे १७५१ साली तापाने वारला, आणि बंदुकीच्या गोळीचा वेग मोजणारा तो हाच, असे पुढे म्हटले होते. जिंजी तशीच राहिली आणि मी बेंजामिन रॉबिन्सच्या मागे लागलो.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली इंग्लंडातील बाथ या गावी झाला. वडील शिंपी. घरची गरिबी. कुटुंब क्वेकर पंथाचे. या पंथात शस्त्र हाती धरणे निषिद्ध. मुलगा गणित बहुतेक स्वतःच्याच बळावर शिकला. कोणी तरी त्याचे कागद लंडनला डॉ. पेंबर्टन यांच्याकडे पाठवले. पेंबर्टन हे न्यूटनच्या शेवटच्या वर्षांतले सहकारी. त्यांनी या पोराला काही उदाहरणे घातली, ती त्याने सोडवली, आणि त्याला लंडनचा रस्ता मोकळा झाला. वयाच्या विसाव्या वर्षी, १७२७ साली, तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. मी आज एकोणीस वर्षांचा आहे. ती ओळ वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते.

पोटासाठी त्याने शिकवण्या केल्या. पुढे त्या सोडून गिरण्या, पूल, बंदरे, पाण्याचे निचरे अशा कामांत तो शिरला. किल्ल्यांची बांधणी पाहायला फ्लँडर्सला जाऊन आला. न्यूटनच्या गणितावर बिशप बर्कलेने टीका केली तेव्हा न्यूटनच्या बाजूने त्याने लेखणी उचलली. राजकारणातही पडला आणि प्रधानमंत्री वॉलपोल याच्याविरुद्ध पत्रके लिहिली. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. १७४१ साली वुलिच येथे लष्करी विद्यालय निघाले, तेथील गणिताच्या जागेसाठी रॉबिन्स उमेदवार होता. जागा दुसऱ्याला मिळाली. शिकवण्यासाठी जी तयारी केली होती ती वाया जाऊ नये म्हणून त्याने तिचे पुस्तक केले. १७४२ साली निघालेले तोफविद्येच्या नव्या तत्त्वांवरचे ते पुस्तक म्हणजेच त्याचे खरे चरित्र, असे मला वाटते.

तोवर तोफविद्या गॅलिलिओच्या वक्ररेषेवर चालत होती. हवा इतकी पातळ, ती जड गोळीला काय अडवणार, असा समज होता. पण गोळी नळीतून किती वेगाने सुटते हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. डोळ्यांना न दिसणारी वस्तू मोजायची कशी? रॉबिन्सची युक्ती इतकी साधी आहे की ती शाळेच्या पटांगणातही समजावून सांगता येईल. सुमारे ५६ पौंड वजनाचा, पुढे लाकडी फळी बसवलेला एक लंबक त्याने टांगला. पौंडात बारा बसतील अशी शिशाची गोळी त्या फळीवर झाडायची. गोळी लाकडात रुतते आणि लंबक मागे झोका घेतो. लंबकाला बांधलेली फीत झोक्याबरोबर ओढली जाते. ती किती इंच ओढली गेली ते मोजायचे. गोळीचे वजन माहीत, लंबकाचे माहीत, झोका माहीत, बाकीचे गणित.

वेग निघाला सेकंदाला सुमारे १,६५० फूट. मग त्याने लंबक मागे मागे नेला आणि अंतरागणिक वेग किती घटतो ते पाहिले. एवढ्या वेगाच्या गोळीला हवेचा विरोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२० पट भरला! जुन्या हिशेबाने ती गोळी सोळा मैल जायला हवी होती. प्रत्यक्षात ती मैलभरही जात नाही. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोचला की हवेचा विरोध एकाएकी वाढतो. त्यानंतर दीडशे वर्षांनीही शास्त्रज्ञ या प्रश्नाशी झगडत होते.

आबांच्या हसण्याचे उत्तर येथेच आहे. रॉबिन्सने नळीची लांबी बदलली, दारूचे वजन बदलले आणि दर वेळी वेग मोजला. दारू वाढवली की वेग वाढतो, पण दारूच्या प्रमाणात नव्हे. चौपट दारूने वेग जेमतेम दुप्पट. पुढे तर अशी मर्यादा येते की जादा दारू गोळी नळीबाहेर पडेपर्यंत आपले काम पुरे करूच शकत नाही. आणि जो जादा वेग मिळतो तो पहिल्या काही अंतरातच हवा खाऊन टाकते. शिवाय नळी तापते, धक्का वाढतो, नेम हलतो. म्हणून योग्य माप म्हणजे जास्तीत जास्त वेग देणारे नव्हे, तर हातातले काम पार पडेल एवढा कमीत कमी वेग देणारे, असा निष्कर्ष त्याने काढला. सगळ्या कामांना एकच माप त्याला मान्य नव्हते. मैदानी तोफेला गोळ्याच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याहून अधिक दारू नको, तट फोडणाऱ्या तोफेला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नको. त्या काळी गोळ्याच्या निम्म्या वजनाइतकी दारू भरत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे धाडस कळते.

वेगाचा हिशेब लागला तरी नेम का चुकतो हे उरलेच होते. एकाच नळीतून, त्याच मापाने झाडलेल्या गोळ्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात. रॉबिन्सने एका नळीचे तोंड मुद्दाम डावीकडे वाकवले आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले. पडद्यांवरच्या भोकांवरून दिसले की गोळी आधी डावीकडे जाते आणि मग वळून उजवीकडे येते. नळीला घासून गोळीला फिरकी मिळते आणि ती फिरकीच तिला हवेत वळवते, असे त्याने सांगितले. थोर गणिती ऑयलर याने १७४५ साली त्याचे पुस्तक भाष्यासह जर्मनमध्ये आणले. पण हे म्हणणे मात्र त्याला पटले नाही. गोळी नीट गोल नसेल, असे त्याचे मत. येथे शिंप्याचा मुलगा बरोबर होता आणि ऑयलर चुकला होता. क्रिकेटच्या मैदानावर फिरकीचा चेंडू हवेत वळताना पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

फिरकी टळत नसेल तर ती आपल्या हुकमात आणावी, म्हणजे नळीला आतून आटे पाडावेत. आटेदार बंदुका जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये होत्याच; त्या नेमक्या का चालतात हे रॉबिन्सने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. ज्या राष्ट्राचे सैन्य ही बंदूक आधी नीट आत्मसात करील ते इतरांवर मात करील, हे त्याचे भाकीत शंभर वर्षांनी खरे ठरले. येथेही पुन्हा मापच! आटेदार नळीत दारू फार झाली तर मऊ शिशाची गोळी आट्यांना न जुमानता सरळ ओरबाडत बाहेर पडते. फिरकी गेली की नेम गेला. तोंडाने भरायच्या रायफलीचा हौशी नेमबाज आजही दारू थोडी थोडी वाढवत, दर मापाच्या चार-पाच गोळ्या एकाच निशाणावर झाडून, कोणत्या मापाला भोके सर्वांत जवळजवळ पडतात ते पाहतो. त्यामागचे शास्त्र या माणसाचे आहे.

१७४६ साली त्याला रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १७४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मुख्य इंजिनिअर नेमले. येथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. शस्त्र न धरणाऱ्या पंथात जन्मलेला हा माणूस नेम अचूक कसा करावा हे जगाला शिकवून गेला, आणि शेवटी आपल्या देशात कंपनीचे तट मजबूत करायला आला. त्याच्या बुद्धीपुढे मी मान लववतो, नोकरीपुढे नाही. जागा नाकारली गेलेल्या माणसाला पोटाची वाट कोठे नेते, हेही मला दिसते. म्हणून त्याच्यावर रागावणे मला जमत नाही.

जुलै १७५० मध्ये तो फोर्ट सेंट डेव्हिडला उतरला. बरोबर शास्त्रीय उपकरणेही आणली होती. दोन महिन्यांतच तापाने धरले. उठला, मद्रास आणि सेंट डेव्हिडच्या तटबंदीचे आराखडे करीत राहिला, आणि २९ जुलै १७५१ रोजी वारला. वय ४४. मरताना हातात लेखणी होती असे सांगतात. सात वर्षांनी फ्रेंच सेनापती लाली याने तो किल्ला जिंकून पाडून टाकला.

याच किल्ल्याच्या १६९० च्या व्यवहारात एक गंमत आहे. किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथवरची गावे इंग्रजांची, असा करार होता. त्या गावांना तोफगोळ्याची गावे म्हणत. तोफ उत्तम निवडा, गोलंदाज कसबी घ्या, असे मद्रासच्या गव्हर्नराने बजावले होते. त्या गोलंदाजाने दारू किती भरली असेल?

दिवाळीच्या सुटीत हे सगळे मी आबांना सांगितले. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले. लंबकाचे त्यांना पटले. ऑयलरचे नाव त्यांना घेता येईना. मग त्यांनी एकच विचारले, की तिकडे समुद्रकाठी पावसात तो आपली दारू कोरडी कशी ठेवायचा? याचे उत्तर मला देता आले, कारण दमट हवेत दारू ओलावा धरते आणि माप तेच असूनही गोळीचा वेग घटतो, हेसुद्धा रॉबिन्सने लिहून ठेवले आहे. आबा म्हणाले की ते त्यांना ठाऊक होते.