शिलकेचा हिशेब मागणारे गोखले

कोल्हापूरहून निपाणीमार्गे बेळगावकडे येताना वाटेत कागल लागते. या लहानशा गावी, संस्थानच्या नोकरीत असलेल्या एका सामान्य माणसाच्या घरात गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपण गेले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. शाळेच्या पुस्तकात ते आपल्याला नेमस्त पुढारी, गांधीजींचे राजकीय गुरू आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक म्हणून भेटतात. ही ओळख खरी आहे, पण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यांची आणखी एक ओळख करून घ्यायला हवी. सरकारचे अंदाजपत्रक हाती घ्यायचे आणि त्यातला प्रत्येक आकडा शेवटी कोणाच्या चुलीपर्यंत जाऊन पोहोचतो ते शोधायचे, हे काम त्यांनी जन्मभर केले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ मध्ये वडील कृष्णराव वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यांतले ८ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत घरचा गाडा ओढीत. पैसे पुरावेत म्हणून गोपाळ हाताने स्वयंपाक करी आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास करी. पुढे ज्याने कोट्यवधी रुपयांची अंदाजपत्रके तपासली, त्याचे स्वतःचे पहिले अंदाजपत्रक महिना ८ रुपयांचे होते. या आठ रुपयांनी त्यांना जे शिकवले ते कोणत्याही ग्रंथाने शिकवले नसते.

१८८४ मध्ये ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. मोठ्या पगाराच्या मागे न लागता त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी पत्करली, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व घेतले आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी केली. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्याला येईल तो शिकवला. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. याच काळात न्यायमूर्ती रानडे त्यांना गुरू म्हणून लाभले. सरकारी अहवालांचे ढीग कसे वाचायचे आणि एका विधानासाठी दहा आकडे कसे पडताळायचे, ते रानड्यांनी त्यांना शिकवले. दुसरे मार्गदर्शक गणेश व्यंकटेश जोशी. ते सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे उघडपणे राजकारणात उतरू शकत नव्हते. पण आकडेशास्त्रावर त्यांचा विलक्षण अधिकार होता. गोखल्यांच्या पुष्कळ भाषणांमागे जोशींनी पुरवलेली आकडेवारी होती. जोशींचे नाव आज कोणी घेत नाही, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

गोखल्यांचे पुढचे कार्य समजण्यासाठी त्या वेळची करपद्धती थोडी पाहिली पाहिजे. १८८६ मध्ये प्राप्तिकराचा कायदा झाला. वर्षाला ५०० रुपये किंवा त्याहून अधिक मिळवणाऱ्यावर हा कर बसे. शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले होते, पण पगार आणि पेन्शन दोन्ही त्यात येत. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. या करवाढीच्या मागे एक मोठे कारण रुपयाची घसरण हे होते. विलायतेत फेडायचे व्याज, तिकडचा खर्च आणि तेथे जाऊन राहिलेल्या निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने ही सर्व पौंडांत द्यावी लागत. रुपया १३ पेन्सांपर्यंत उतरला, तेव्हा एका पौंडासाठी सुमारे साडेअठरा रुपये मोजावे लागत. म्हणजे इंग्लंडातील एका पेन्शनराचा पौंड महागला, की त्याची भरपाई येथल्या खेड्यातल्या मिठातून होत असे. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये तरुण गोखल्यांनी मिठावरील कराविरुद्धच भाषण केले.

१८९७ मध्ये ते इंग्लंडला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले. सरकारी खर्चाविषयीची त्यांची साक्ष उत्तम झाली. परंतु त्याच मुक्कामात पुण्यातून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या शिपायांच्या वर्तनाविषयी गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. या माफीबद्दल स्वकीयांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. हा घाव त्यांच्या मनाला फार लागला. पण सिद्ध करता येणार नाही असा शब्द उच्चारायचा नाही, हा त्यांचा पुढच्या आयुष्यातला बाणा या घटनेतूनच अधिक पक्का झाला असावा.

१९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त होऊन गोखल्यांनी स्वतःला पूर्णपणे सार्वजनिक कार्याला वाहून घेतले. त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दाखल झाले. त्या मंडळात भारतीय सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. एक पैही कमी करण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. २६ मार्च १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली अंदाजपत्रकाची चर्चा झाली. वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती आणि त्याबद्दल सरकारचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी त्या अभिनंदनात सामील होण्याचे नाकारले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. रुपया घसरला म्हणून कर वाढवले. आता रुपया पुन्हा १६ पेन्सांवर आला, म्हणजे एका पौंडाला १५ रुपयेच पडू लागले. खर्च उतरला, पण कर मात्र उतरले नाहीत. मग शिल्लक पडणारच! ही शिल्लक प्रजेच्या भरभराटीतून आलेली नाही, गरजेपेक्षा जास्त काढून घेतलेल्या पैशांची ती रास आहे. शिवाय ही रास कोणत्या वर्षांत साठली? १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भयंकर दुष्काळांनी देश होरपळला, त्याच्या आगेमागेच. घरात उपासमार आणि तिजोरीत शिल्लक, हा हिशेब जुळत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. मिठाचा कर उतरवा, प्राप्तिकराची मर्यादा वाढवा आणि कापडावरचा अबकारी कर काढा, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

१९०३ च्या अंदाजपत्रकात मिठाचा कर मणाला ८ आण्यांनी कमी झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणता येणार नाही, काँग्रेस या गोष्टी कित्येक वर्षे मागत होती. पण त्या मागणीला नाकारता न येणारा आधार गोखल्यांनी दिला, यात शंका नाही.

या सवलतीचा घरात काय उपयोग झाला? आपणच हिशेब करून पाहू. महिना ५० रुपये पगार किंवा पेन्शन असलेल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न ६०० रुपये. रुपयाला ४ पै या दराने त्याचा कर २४०० पै, म्हणजे साडेबारा रुपये होई. एका महिन्याच्या कमाईचा पाव हिस्सा! १९०३ नंतर तो सबंध वाचला. शाळामास्तर, कारकून, लहान दुकानदार, निवृत्त नोकर अशा पांढरपेशा घरांना हा मोठाच दिलासा होता.

पण शेतमजुराला आणि विणकराला त्याचा काय लाभ? त्यांचे उत्पन्न त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हते. त्यांना कर लागत होता तो मिठातून. मीठ श्रीमंताला जितके लागते तितकेच गरिबालाही लागते. म्हणून १९०३ च्या सवलतीवर समाधान न मानता गोखले दरवर्षी मिठाचा प्रश्न काढीत राहिले. १९०५ मध्ये कर दीड रुपया झाला आणि १९०७ मध्ये १ रुपया. एका मोठ्या कुटुंबाला वर्षाला मणभर मीठ लागते आणि मजुराला रोज तीन आणे मिळतात असे धरले, तर १९०२ च्या मानाने त्याचे वर्षाला दीड रुपया, म्हणजे आठ दिवसांची मजुरी वाचली. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला. आधी लोक मिठाचीसुद्धा काटकसर करीत होते, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

कापडाच्या बाबतीत मात्र त्यांना यश आले नाही. १८९६ पासून परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात जकात होती. पण तिचा लाभ आपल्या गिरण्यांना होऊ नये म्हणून देशी गिरणी-कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला होता. लँकेशायरचे समाधान झाले, आणि जाडेभरडे धोतर नेसणाऱ्याला मात्र कर भरावा लागला. हा कर पुढे डिसेंबर १९२५ मध्ये तहकूब आणि १९२६ मध्ये रद्द झाला, पण ते पाहायला गोखले हयात नव्हते.

तथापि देशी उद्योगाचा कैवारी म्हणून त्यांनी प्रत्येक जकातीला मान डोलावली नाही. १९११ मध्ये साखरेवरील जकातीची चर्चा निघाली, तेव्हा त्यांनी संरक्षणाचे दोन प्रकार सांगितले. एका प्रकारात वाढता उद्योग पायावर उभा राहतो. दुसऱ्यात काही बलवान व्यापारी एकत्र येऊन गिऱ्हाइकाला नाडतात. जकात लावताना यांतले काय होणार ते आधी पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. देशाभिमानाच्या भरातही त्यांनी गिऱ्हाइकाला विसरू दिले नाही.

मधुमेह आणि अतिश्रम यांनी प्रकृती खचली आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे मिठाचा कर पुन्हा चढला. १९२३ मध्ये तो काही काळ थेट अडीच रुपयांवर गेला, आणि १९३० मध्ये त्यांच्याच शिष्याने दांडीला मूठभर मीठ उचलले. गुरूने जे आकड्यांनी सांगितले तेच शिष्याने पायी चालत जाऊन सांगितले.

मित्रहो, आजही अंदाजपत्रक आले की आपण प्राप्तिकराची मर्यादा किती वाढली ते आधी पाहतो. ते पाहावेच. पण ज्याचे उत्पन्न त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या पिशवीतले काय महागले आणि काय स्वस्त झाले, तेही पाहावे. जमा आणि नावे या दोन्ही बाजू मांडल्याशिवाय खाते पुरे होत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. ८ रुपयांत महिना काढलेल्या त्या कागलच्या मुलाने सरकारला तेच शिकवण्याचा प्रयत्न केला.