नामदार गोखले आणि गांवचा कारभार

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यास नररत्नांची खाण म्हणण्याचा प्रघात आहे. डोंगर, कातळ व खाड्या यांनीं व्यापिलेल्या या मुलखांत शेत लहान आणि पीक बेताचें. म्हणून येथील घरोघरचीं मुलें पोटासाठीं व विद्येसाठीं घाट चढून देशावर किंवा समुद्रमार्गानें मुंबईस जात आलीं. अशा गेलेल्या मुलांपैकीं एकानें पुढें सबंध हिंदुस्थानच्या कायदेमंडळांत बसून जमाखर्चाच्या आकड्यांच्या आधारें गरिबाची बाजू मांडिली. त्यांचें नांव नामदार गोपाळ कृष्ण गोखले. मुत्सद्दी व राष्ट्रसेवक म्हणून त्यांची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु गांवचा कारभार गांवकऱ्यांच्या हातीं यावा व गांवचें प्रत्येक मूल शाळेंत जावें यासाठीं त्यांनीं केलेली खटपट तितकीशी प्रसिद्ध नाहीं. ती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावी, एवढ्याच हेतूनें हें अल्प चरित्र लिहिलें आहे.

गोपाळरावांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजीं कोतळूक या खेड्यांत झाला. हें गांव आज गुहागर तालुक्यांत मोडतें. वडील कृष्णराव हे कोल्हापूर संस्थानांतील कागल येथें साधी नोकरी करीत. मातोश्रींचें नांव सत्यभामाबाई. घरची स्थिति बेताचीच होती. १८७९ सालीं कृष्णराव वारले, तेव्हां गोपाळरावांचें वय अवघें तेरा वर्षांचें. कुटुंबावर कठीण प्रसंग ओढवला. वडील बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून कागल येथें दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरिली आणि त्यांतले आठ रुपये ते कोल्हापुरास शिकत असलेल्या धाकट्या भावास पाठवूं लागले. उरलेल्या सात रुपयांत बाकीचा संसार! एका भावाचें शिक्षण थांबलें म्हणून दुसऱ्याचें पुढें चाललें, ही गोष्ट गोपाळराव जन्मभर विसरले नाहींत. आपल्याला मिळालेली विद्या ही कोणाच्या तरी त्यागाचें फळ आहे, आणि जेथें असा भाऊ नाहीं तेथें कितीएक हुशार मुलें अडाणी राहतात, ही जाणीव त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशीं दिसून येते.

१८८१ सालीं ते मॅट्रिक झाले आणि कोल्हापूर, पुणें व मुंबई येथील कॉलेजांत शिकून १८८४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, बी. ए. झाले. त्या काळीं पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळे व वकिलीचा मार्गही मोकळा होता. बंधूंचें ऋण डोक्यावर असतांना मोठ्या पगाराचा मोह होणें स्वाभाविकच होतें. तथापि गोपाळरावांनीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षकाचें काम पत्करिलें आणि पुढें डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन अल्प वेतनावर वीस वर्षें शिकविण्याची प्रतिज्ञा केली. फर्ग्युसन कॉलेजांत ते इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र शिकवीत. त्यांनीं रचिलेलें अंकगणिताचें पुस्तक अनेक वर्षें शाळांतून चालत असे. १९०२ सालीं ते कॉलेजांतून निवृत्त झाले, तेव्हां त्यांना अल्पसें पेन्शन मिळालें. आणि तेवढ्यावर समाधान मानून त्यांनीं उरलेलें आयुष्य लोकसेवेस वाहिलें.

लोकसेवेची दीक्षा त्यांना न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांजकडून मिळाली. सार्वजनिक सभेचें काम करीत असतां रानड्यांनीं या तरुण प्राध्यापकास सरकारी अहवाल वाचावयास, आकडे पडताळून पाहावयास आणि प्रत्येक वाक्य पुराव्यानिशीं लिहावयास शिकविलें. एखादा अर्ज मनासारखा उतरला नाहीं तर तो पुनः लिहावा लागे. सरकार अर्जास उत्तर देवो वा न देवो, तो लिहितांना लोक आपल्या कारभाराचा विचार करावयास शिकतात, हाच त्याचा खरा लाभ, असें रानड्यांचें मत होतें. गोखल्यांनीं हा धडा पुरता आत्मसात केला. सार्वजनिक काम म्हणजे नुसता आवेश नव्हे, तर अभ्यास होय, हें त्यांचें ब्रीद झालें.

या शिस्तीची कसोटी १८९७ सालीं लागली. त्या वर्षीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास ते विलायतेस गेले होते. इकडे पुण्यांत प्लेगनें कहर केला होता आणि घरांची तपासणी करणाऱ्या शिपायांच्या वर्तनाविषयीं संतापजनक हकीकती पत्रांतून त्यांच्याकडे पोहोंचत होत्या. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनीं तेथें आरोप जाहीर केले. स्वदेशीं परतल्यावर पाहतात तों पुराव्यास पुढें येण्यास कोणी तयार नाहीं. जें सिद्ध करितां येत नाहीं तें मागें घ्यावयाचें, असें ठरवून त्यांनीं जाहीर क्षमा मागितली. स्वकीयांनीं त्यांना भित्रे म्हटलें आणि इंग्रजी पत्रांनीं त्यांची निंदा केली. असा अपमान झाल्यावर दुसरा एखादा घरांत बसला असता. परंतु गोखले प्लेगनिवारणाच्या कामांत स्वयंसेवक म्हणून उतरले आणि पुण्याच्या पीडित लोकांत हिंडूं लागले.

१८९९ सालीं ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळांत निवडून गेले व पुढें लवकरच वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद झाले. १९०२ सालच्या मार्च महिन्यांत अंदाजपत्रकावर त्यांनीं केलेलें पहिलेंच भाषण फार गाजलें. खजिन्यांत शिल्लक दिसते ती रयतेच्या सुबत्तेची खूण नसून तिच्यावर कर अधिक बसल्याची खूण आहे, हें त्यांनीं आकड्यांनीं दाखविलें. मिठावरील कराचा त्यांनीं वर्षानुवर्षें पाठपुरावा केला. हा कर मणास अडीच रुपये होता, तो टप्प्याटप्प्यानें कमी होत १९०७ सालीं एक रुपयावर आला. किनाऱ्यावर मासळी खारविणाऱ्या आपल्याकडील लोकांस या फरकाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

सरकारदरबारीं मान मिळालेल्या या गृहस्थानें याच सुमारास कांहीं वर्षें पुण्याच्या म्युनिसिपालिटीचें अध्यक्षपदही सांभाळिलें. गटारें, दिवाबत्ती व पाणी यांचे प्रश्न त्यांस क्षुद्र वाटले नाहींत. ज्याला आपल्या आळीची सफाई नीट राखतां येत नाहीं त्यानें राज्य मागूं नये, अशीच त्यांची समजूत असावी. १९०५ सालच्या जून महिन्याच्या १२ तारखेस त्यांनीं पुण्यास भारतसेवक समाज स्थापिला. निःस्वार्थपणें जन्मभर देशकार्य करणारे शिकलेले सेवक तयार करणें, हा त्याचा हेतु. त्याच वर्षअखेर काशीच्या काँग्रेसचें अध्यक्षपद त्यांस मिळालें.

आतां प्रस्तुत विषयाकडे वळूं. लॉर्ड रिपन यांनीं १८८२ सालीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला व १८८४ सालच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जिल्हा व तालुका लोकलबोर्डें आलीं. परंतु त्यांवर कलेक्टर व मामलेदार यांचेंच वजन फार. आणि प्रत्यक्ष गांवापर्यंत तर तो कारभार पोहोंचलाच नाहीं. गांवची विहीर बुजली किंवा वहाळावरचा साकव वाहून गेला, तरी निकाल दूरच्या कचेरींत व्हावयाचा. सत्तेची विभागणी कशी करावी याचा विचार करण्यास १९०७ सालीं रॉयल कमिशन नेमलें गेलें. त्याच्यापुढें गोखल्यांनीं १९०८ सालीं जी साक्ष दिली ती आजही वाचण्यासारखी आहे. त्यांनीं इमारत पायापासून उभारण्यास सांगितलें. पांचशें व त्याहून अधिक वस्तीच्या प्रत्येक गांवीं पांच किंवा सात जणांची पंचायत असावी. त्याहून लहान गांवें जवळच्या मोठ्या गांवास जोडावीं किंवा त्यांचा गट करावा. किरकोळ तंटे, गांवचीं बांधकामें, आरोग्य, शाळेची देखरेख, तगाईची वांटणी हीं कामें पंचायतीकडे द्यावीं. तिच्यावर तालुका बोर्ड असावें व त्याचे सर्व सभासद लोकांनीं निवडलेले असावेत. आणि जिल्ह्याच्या कलेक्टरास सल्ला देण्यास लोकप्रतिनिधींचें एक मंडळ असावें.

या योजनेंत वादाचा खरा मुद्दा एकच होता. खेड्यांतला माणूस आपला कारभार पाहण्यास लायक आहे कीं नाहीं? अधिकारी म्हणत कीं तो अज्ञानी आहे, गांवांत तट आहेत, पैशाची अफरातफर होईल. गोखल्यांस गांवचे दोष दिसत नव्हते असें नाहीं. ते खेड्यांतच जन्मले होते. परंतु पाण्यांत उतरल्याशिवाय पोहतां येत नाहीं, त्याप्रमाणें जबाबदारी अंगावर पडल्याशिवाय माणूस जबाबदार होत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. कमिशननेंही आपल्या १९०९ सालच्या अहवालांत ग्रामपंचायतींस अनुकूल मत दिलें. मात्र अंमलबजावणी पुष्कळ वर्षें रेंगाळली.

अज्ञान हा जर आक्षेप, तर अज्ञान दूर करण्याचा उपाय कोणता? तोही त्यांनीं पुढें आणिला. ता. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडिलें. त्याची रचना पाहिली असतां त्यांची सावधगिरी लक्षांत येते. सक्ती सर्व देशावर एकदम लादावयाची नव्हती. जेथें अगोदरच ठराविक प्रमाणांत मुलें शाळेंत जात असतील तेथेंच, आणि तीही तेथील म्युनिसिपालिटीनें किंवा बोर्डानें सरकारच्या संमतीनें मागितली तरच, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस ती लागू व्हावयाची. मुलींचा विचार पुढें करावयाचा. महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ति असलेल्या पालकाकडून फी घ्यावयाची नाहीं. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेनें व दोन हिस्से सरकारनें सोसावे. म्हणजे शिक्षण व गांवचा कारभार यांची सांगड त्यांनीं एकाच कायद्यांत घातली होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या सबंध राज्यांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें होतें. तेव्हां ही गोष्ट अशक्य आहे असें म्हणण्यास जागा नव्हती.

तरीही विरोध झाला. सरकारी सभासदांनीं पैशाची व लोकांच्या तयारीची अडचण सांगितली. कित्येक जमीनदारांस, मजुरांचीं मुलें शाळेंत गेलीं तर शेतावर हात कमी पडतील, अशी धास्ती वाटली. गोखले देशभर हिंडले, लोकांचीं मतें गोळा केलीं, प्रत्येक आक्षेपास आकड्यांनीं उत्तर दिलें. विधेयक फेटाळलें जाणार हें त्यांस आधींच ठाऊक होतें आणि तसें त्यांनीं भाषणांत सांगूनही टाकिलें. ता. १९ मार्च १९१२ रोजीं मतें घेतलीं गेलीं. बाजूनें १३ व विरुद्ध ३८. मधुमेहानें पोखरलेल्या शरीरानें दोन वर्षें केलेला खटाटोप त्या दिवशीं वायां गेला असें दिसलें. त्यांनीं तक्रार केली नाहीं. त्याच वर्षीं ते दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांची दुःखें पाहण्यास समुद्रपार गेले. ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

पेरणारा गेला, तरी बीं मातींत राहिलें. तीनच वर्षांनीं, १९१८ सालीं, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील म्युनिसिपालिट्यांस सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मुभा देणारा कायदा झाला. १९२० सालीं ग्रामपंचायतींचा पहिला कायदा आला, आणि १९३३ व १९५८ सालीं तो सुधारून वाढविण्यांत आला. १९६२ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ सालीं घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें ग्रामसभेस व पंचायतीस घटनेचा आधार मिळाला. पुढें महाराष्ट्रांत पंचायतींच्या अर्ध्या जागा स्त्रियांसाठीं राखण्यांत आल्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या व मुलीच्या शिक्षणाचा हक्क २०१० सालच्या एप्रिलपासून अमलांत आला. ज्या गोष्टीस कायदेमंडळांत १३ मतें मिळालीं ती अशा रीतीनें सर्व देशाचा कायदा झाली. मात्र मध्यें जवळजवळ शंभर वर्षें गेलीं, आणि त्या वर्षांत कितीएक पिढ्या अक्षरावांचून राहिल्या.

कायदा झाला म्हणजे काम संपलें असें मात्र नव्हे. गांवचा प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. पाण्याची योजना, पाखाडीची दुरुस्ती, दिवाबत्ती, घरपट्टीचा हिशेब यांविषयीं तेथें विचारण्याचा त्यास अधिकार आहे. परंतु सभेची दवंडी झाली तरी सतरंजी रिकामीच राहिली, तर तो अधिकार कागदावर राहतो. आपल्या कोंकणांत घरचा कर्ता पुरुष पुष्कळदां मुंबईस असतो. तेव्हां मागें राहिलेल्या माउल्यांनीं सभेस जावें, हें तर अधिकच अगत्याचें. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतून व्यवस्थापन समित्या असतात आणि त्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. ज्या पालकांस गोखल्यांचें स्मरण करावयाचें असेल त्यांस याहून जवळचें स्थान कोणतें?

विद्यार्थ्यांनींही आपला वांटा आजच उचलावा. अंदाजपत्रक कसें वाचावें, हिशेब कसा ताडून पाहावा, मत मांडतांना पुरावा कसा द्यावा आणि चूक झाली तर ती कशी कबूल करावी, हें गोखल्यांच्या चरित्रावरून शिकतां येतें. घरीं वडील माणसांस पंचायतीची नोटीस वाचून दाखविणें हीही लहानशी लोकसेवाच होय. कोतळूकच्या एका गरीब मुलास शिकतां यावें म्हणून त्याचा भाऊ सात रुपयांत संसार करीत होता. तुम्हांस शिकविण्यासाठींही कोणीतरी असेंच कांहीं सोसीत आहे. त्या ऋणाची फेड नामदार गोखले यांनीं ज्या मार्गानें केली, तो मार्ग आपल्या गांवच्या चावडीवरूनच सुरू होतो.