बाटली नंबर ५३-एन

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेलात की गुलाल कुठे कुठे जातो ते बघा. कानात, खिशात, मोबाइलच्या कव्हरमध्ये. अशा गर्दीत औषधाच्या टेबलामागे उभं राहून बाटलीचं बूच उघडायची वेळ आली, तर हात कसे ठेवाल? फार्मसी शिकणाऱ्यांनी हा प्रश्न मनात ठेवून वॉल्डेमार हाफकिन यांची गोष्ट वाचावी.

हाफकिन १८६० मध्ये ओडेसा इथे जन्मले. पॅरिसला असताना त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या जागेत ते कामाला लागले. तीनेक महिन्यांत लस हातात होती. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी तीही पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. ताप भरला, पण माणूस मागे हटला नाही. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये लसीचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले. सगळ्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, नंबर ५३-एन. बाकीचे ८८ ठणठणीत.

बोट थेट परळकडे वळलं. लवकर जास्त लस तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड मिसळण्याची जुनी रीत सोडली होती आणि जंतू मारण्यासाठी उष्णतेवर भर दिला होता. चौकशी समितीनं दोष प्रयोगशाळेवर टाकला. हाफकिन यांचं संचालकपद गेलं, नावही गेलं.

पण कागद बोलत होते. बूच काढायचा चिमटा त्या दिवशी मदतनीसाच्या हातून मातीत पडला होता. तो नीट जंतुमुक्त न करता, नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा वापरला गेला. बाटली परळहूनच दूषित आली असती तर उघडताना वास सुटला असता, तसा वास कुणाला आला नव्हता. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस हे मुद्दे घेऊन लढले. १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली होती.

त्या मदतनीसाला खलनायक करून मोकळं होणं मला पटत नाही. गावात रांग लागलेली असताना चिमटा कुणाच्याही हातून पडेल. पण पडल्यावर थांबायचं, तो ज्योतीवर धरायचा, त्यासाठी रांग खोळंबली तरी चालेल, हे त्याच्या मनावर कुणी ठसवलं होतं का? आणि बाटलीवर नंबर नसता, कुणाला कुठली बाटली दिली याची नोंद नसती, तर १९ आणि ८८ वेगळे कसे काढले असते? दुकानात बॅच नंबर लिहायचा कंटाळा येतो ना, तो हाच नंबर.

हाफकिन परत आले ते कोलकात्याला, परळला नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते युरोपात होते. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमध्ये, लोझान इथे त्यांचं निधन झालं.