कागदाच्या घडीत माया ठेवणारी एस्थर

फेब्रुवारी महिना उजाडला की दुकानांतून लाल बदामांची शुभेच्छाकार्डे टांगलेली दिसू लागतात. घरातली मोठी माणसे नाक मुरडतात, तरुण मुले हसतात आणि १४ तारीख येऊन जाते. ज्याच्या नावाने हा दिवस ओळखला जातो तो संत व्हॅलेंटाईन हा तिसऱ्या शतकातला रक्तसाक्षी. त्याच्या जीवनाविषयी खात्रीची माहिती फारच थोडी मिळते. म्हणून १९६९ साली ख्रिस्तसभेने आपल्या सर्वसाधारण उपासना पंचांगातून त्याचा सण वगळला. रक्तसाक्ष्यांच्या नामावलीत मात्र त्याचे नाव आजही आहे. त्या दिवशी आता आपण संत सिरिल आणि संत मेथोडियस या दोघा भावांचा सण साजरा करतो.

संत व्हॅलेंटाईनने कोणाला कार्ड पाठवले होते असे कोणी सांगू शकणार नाही. कार्डांची ही प्रथा पुष्कळ नंतरची आहे. तिला घरोघरी पोहोचवण्यात एका स्त्रीचा मोठा वाटा होता. तिचे नाव एस्थर हाऊलंड. अमेरिकेत तिला अमेरिकन व्हॅलेंटाईनची जननी म्हणतात. तिच्या कार्डांपेक्षाही तिच्या आयुष्याकडून आपल्याला अधिक शिकता येईल, म्हणून आज तिची ओळख करून घेऊ या.

एस्थरचा जन्म १७ ऑगस्ट १८२८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर या गावी झाला. वडिलांचे पुस्तकांचे आणि कागद-लेखनसामग्रीचे दुकान होते. तिच्या आईने काटकसरीने घर कसे चालवावे आणि स्वयंपाक कसा करावा यावर एक पुस्तक लिहिले होते आणि ते वडिलांनीच प्रसिद्ध केले होते. अशा घरात कागद, शाई आणि खळ यांचा वास मुलांच्या अंगवळणी पडला असेल तर नवल नाही.

त्या काळी मुलींच्या उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. मेरी लायन या बाईंनी १८३७ साली साउथ हॅडली येथे माउंट होलीओक ही मुलींची शिक्षणसंस्था सुरू केली. फी कमी राहावी म्हणून तिथे झाडलोट, स्वयंपाक, धुणेभांडी ही सर्व कामे विद्यार्थिनींनाच वाटून दिलेली असत. कोणी भाकरी भाजायची, कोणी टेबल लावायचे. प्रत्येकीचे काम ठरलेले होते. एस्थर १८४७ साली तिथून शिकून बाहेर पडली. पुढे कवयित्री म्हणून नावाजलेली एमिली डिकिन्सन त्याच संस्थेत शिकत होती. १८४८ सालच्या तिच्या एका पत्रावरून कळते की, मेरीबाईंनी मुलींना व्हॅलेंटाईनच्या चिठ्ठ्या पाठवण्यास सक्त मनाई केली होती. जिथे या चिठ्ठ्यांना बंदी होती, त्याच संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलीने पुढे कितीतरी वर्षे त्याच बनवल्या!

शिक्षण संपवून एस्थर घरी आली. तेव्हा वडिलांच्या व्यवसायातल्या एका परिचिताने तिला इंग्लंडमध्ये बनलेले एक कार्ड पाठवले. कडेने जाळीदार कागदाची झालर, तिच्यावर कापून चिकटवलेली रंगीत फुले, मधोमध एक इवलासा कागदी खिसा आणि त्या खिशात चार ओळींची चिठ्ठी. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली होती, त्यामुळे तिथे अशा कार्डांचा प्रसार झाला होता. अमेरिकेत ती परदेशातून येत आणि फार महाग पडत. साधी छापील कार्डे अमेरिकेतही मिळत होती. तेव्हा कार्ड बनवणारी एस्थर ही काही पहिलीच नव्हती. पण असे नाजूक काम आपल्या गावात, आपल्या हातांनी का होऊ नये, हा विचार तिच्या मनात आला आणि तो तिने सोडला नाही.

तिने वडिलांकडे जाळीचा कागद आणि रंगीत चित्रे मागवून देण्याचा हट्ट धरला. हा जाळीचा कागद बनवण्याची रीत मोठी गमतीची आहे. कोरीव साच्यावर कागद दाबून त्यावर उठावाची नक्षी उमटवायची. मग उठलेला भाग हलक्या हाताने घासून काढायचा, की तिथे बारीक भोके पडतात आणि कागद विणलेल्या लेससारखा दिसू लागतो. सामान आल्यावर एस्थरने डझनभर नमुने तयार केले. तिचा भाऊ दुकानाच्या मालाची विक्री करायला गावोगाव फिरत असे. त्याने ते नमुने आपल्या पेटीत टाकले. २०० डॉलरच्या मागण्या आल्या तरी पुष्कळ, असे एस्थरला वाटत होते. भाऊ परत आला तो ५,००० डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या घेऊन. मजुराला दिवसाकाठी साधारण एक डॉलर मिळण्याचा तो काळ. एवढी कार्डे एकट्या मुलीने करायची कशी?

इथे एस्थरची खरी हुशारी दिसते. तिने मैत्रिणींना बोलावले. राहत्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबल मांडले आणि काम वाटून दिले. एकीने चित्रे कापायची, दुसरीने कागदाची पार्श्वभूमी तयार करायची, तिसरीने चिकटवायचे. नमुना एस्थर स्वतः करी, बाकीच्या तो समोर ठेवून तसेच कार्ड बनवीत. तयार झालेले कार्ड एस्थरच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. माउंट होलीओकच्या स्वयंपाकघरातली कामाची वाटणी वाचलेल्याला या टेबलाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. ५ फेब्रुवारी १८५० रोजी गावच्या वर्तमानपत्रात तिच्या कार्डांची पहिली जाहिरात झळकली.

काम वाढले तेव्हा तिने आणखी एक सोय केली. ज्या बायकांना घर सोडून येणे शक्य नव्हते, त्यांच्या घरी सामानाने भरलेली पेटी पोहोचवली जाई. तिच्यात कागद, चित्रे आणि नमुना असे सर्व काही असे. आठवड्याने गाडीवाला येऊन तयार कार्डे घेऊन जाई. लहान मुले, आजारी माणसे, चूल सांभाळून कितीतरी बायकांच्या हाती त्यामुळे स्वतःच्या कमाईचे चार पैसे आले. एस्थर मोबदला चांगला देई असेही तिच्याविषयी लिहून ठेवलेले आहे.

आता तिच्या कार्डाकडे जरा जवळून पाहू या. जाड कागदाची मधोमध घडी घालून पुस्तकासारखे दोन पाने असलेले कार्ड तयार होई. दर्शनी पानावर पांढरा जाळीचा कागद लावायचा. पांढऱ्यावर पांढरी नक्षी उठून दिसत नाही, म्हणून एस्थर जाळीच्या खाली चकचकीत रंगीत कागदाचा तुकडा लावी. निळा, लाल, हिरवा रंग भोकांतून डोकावू लागे. त्यावर आणखी एक थर ती चढवी. पण हे थर एकमेकांना सपाट चिकटवायचे नाहीत. कागदाच्या अरुंद पट्टीला पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घालायच्या आणि ती दोन थरांच्या मध्ये ठेवायची. मग वरचा थर स्प्रिंगवर ठेवल्यासारखा अधांतरी राहतो. पाकिटात घालताना तो दबतो, पाकीट उघडले की पुन्हा उठतो. कार्ड हाती घेणाऱ्याला वाटे, एखाद्या छोट्या खिडकीतून आपण फुलांच्या बागेत पाहत आहोत. हे सारे कौशल्य एका साध्या घडीचे होते.

संदेशाच्या ओळी मात्र ती दर्शनी भागावर मिरवत नसे. त्या आत, लहानशा कागदावर चिकटवलेल्या असत. मनातले बोलणे घडी उघडणाऱ्यासाठीच असते, हे तिने जाणले होते. एखाद्या गिऱ्हाइकाला आतल्या ओळी पसंत पडल्या नाहीत तर काय, याचाही विचार तिने केला. १८७९ साली तिने १३१ कवितांचे एक पुस्तक छापले. आवडेल ती कविता निवडायची आणि जुन्या ओळींवर चिकटवायची. कार्डाच्या मागे बारीकसा लाल एच हे अक्षर असे, तीच तिची खूण. पुढे १८७० च्या दशकात तिच्या व्यवसायाला न्यू इंग्लंड व्हॅलेंटाईन कंपनी हे नाव मिळाले.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे सुखाचे वाटेल. पण १८६६ साली एस्थरच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि काही वर्षे तिला चाकाच्या खुर्चीत बसून राहावे लागले. टेबलाभोवती फिरून प्रत्येकीचे काम पाहणारी बाई एका जागी खिळली. तरी काम थांबले नाही, की मुलींची रोजी बंद झाली नाही. खुर्चीत बसूनच ती नमुने करीत राहिली.

तिने लग्न केले नाही. हजारो तरुणतरुणींच्या हाती प्रेमाचा निरोप देणारी ही स्त्री स्वतः एकटीच राहिली, याचे लोकांना नेहमीच कुतूहल वाटते. त्याचे कारण शोधण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण पुढे जे घडले ते पाहण्यासारखे आहे. वडील म्हातारे झाले, आजारी पडले. त्यांच्याजवळ कोणीतरी हवे होते. १८८० च्या सुमारास, व्यवसाय भरभराटीत असताना, एस्थरने तो त्याच गावच्या जॉर्ज व्हिटनी या कार्डांच्या व्यापाऱ्याला विकून टाकला आणि ती वडिलांच्या सेवेला लागली. ज्या वडिलांनी हट्ट पुरवून पहिला जाळीचा कागद मागवून दिला, त्यांच्या उशाशी ती बसली. तीस वर्षांत उभे केलेले काम तिने बाजूला ठेवले. कार्डांवर तिने जे इतकी वर्षे चिकटवले, ते या वेळी स्वतः करून दाखवले.

१५ मार्च १९०४ रोजी क्विन्सी या गावी, वयाच्या ७५ व्या वर्षी, एस्थर मरण पावली. तिची कार्डे आजही वूस्टरच्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या घड्यांत कोणाच्या तरी बोटांची माया अडकून राहिली आहे.

धर्मग्रामातील प्रिय बंधुभगिनींनो, आज मोबाईलवर एक बोट फिरवले की शंभर जणांना एकच शुभेच्छा जाते. ती वाईट नाही. पण शंभरांना एकदम पाठवलेली शुभेच्छा आपल्याचसाठी आहे असे कोणाला वाटणार? आपल्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेले आजारी आहेत, मुले परदेशी गेल्यामुळे घरात एकटे उरलेले आजी-आजोबा आहेत, रविवारच्या मिस्साला येणे ज्यांना आता झेपत नाही असे कितीतरी जण आहेत. त्यांच्यापैकी एकासाठी या आठवड्यात मुलांना बरोबर घेऊन एक कार्ड बनवा. जाड कागदाची मधोमध घडी घाला. बोटाच्या रुंदीची, वीतभर लांबीची एक पट्टी कापून तिला पाच-सहा उलटसुलट घड्या घाला. तिचे एक टोक कार्डाला चिकटवा, दुसऱ्या टोकावर मुलाने काढलेले फूल लावा. आत आपल्या हाताने दोन ओळी लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.

आणि ते कार्ड पोस्टात टाकू नका. एस्थर शेवटी जिथे जाऊन बसली, तिथेच, म्हणजे त्या माणसाच्या उशाशी, ते स्वतः घेऊन जा. थोडा वेळ बसा.